विषम तारखेचा माणूस

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला दिवसातून तीस-चाळीस वेळा एक प्रश्न ऐकावा लागतो. “साहेब, आज तारीख काय?” समोरच्या भिंतीवर भलंमोठं कॅलेंडर असतं, विचारणाऱ्याच्या खिशातल्या मोबाइलवर तारीख असते, शेजारच्याने ती स्लिपवर नुकतीच लिहिलेलीही असते. तरी विचारायचं मला. पूर्वी मी सांगून मोकळा होत असे. हल्ली सांगताना पोटात बारीकसा गोळा येतो. ‘चौदा’ असं तोंडातून निघतं आणि पाठोपाठ मनात येतं, अरे, चौदा म्हणजे सम! गाडी कुठल्या बाजूला आहे?

ज्यांचं घर पुण्याच्या पेठेत नाही, किंवा ज्यांच्या इमारतीखाली पार्किंग नावाची चैन आहे, अशा भाग्यवंतांसाठी थोडं खुलासेवार सांगतो. आमच्या गल्लीत एका बाजूला ‘पी-वन’ अशी पाटी आहे आणि समोर ‘पी-टू’. विषम तारखेला पी-वनच्या बाजूला गाडी लावायची, सम तारखेला पी-टूच्या. इतका सोपा नियम या देशात दुसरा नसेल. दुसरीतल्या मुलालाही समजेल. मात्र दुसरीतल्या मुलाकडे गाडी नसते.

आमची इमारत १९७८ सालची. बांधणारा दूरदृष्टीचा होता. त्याने तळमजल्यावर खास सायकलींसाठी शेड ठेवली होती, कारण पुणं हे सायकलींचं शहर आहे आणि राहणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. त्या शेडमध्ये आता विजेचे मीटर, पाण्याचा पंप आणि सोसायटीच्या अध्यक्षांची स्कूटर असते. मोटारींना रस्ता.

मोटार मी का घेतली, हे मला आजतागायत कोणाला नीट सांगता आलेलं नाही. बँकेतल्या माणसाला वाहनकर्ज कमी व्याजाने मिळतं. आता इतक्या कमी व्याजाचं कर्ज सोडायचं, म्हणजे बी.कॉम.ला फुकट गेल्यासारखं. कर्ज घेतलं आणि त्या कर्जाला लावायला काहीतरी वस्तू हवी म्हणून एक सेकंडहँड वॅगन-आर आली. हिने गाडीला हळद-कुंकू लावलं, आईने चाकाखाली लिंबू ठेवलं आणि समोरच्या बाल्कनीतल्या निवृत्त हेडमास्तरांनी वरून विचारलं, “घेतलीत हे उत्तम. पण ठेवणार कुठे?”

हा माणूस आयुष्यभर गणित शिकवत होता. नेमक्या जागी बोट ठेवायची सवय जात नाही.

हिशेब असा. गल्लीत गाड्या बावीस. एका बाजूच्या जागा चौदा, त्याही सगळ्यांनी अंग चोरून लावल्या तर. कायद्याने बाजू बदलते रात्री बारा वाजता, तारखेबरोबर. पण बारापर्यंत जागणार कोण? कोणीतरी एकाने केव्हातरी अकरालाच उद्याच्या बाजूला नेऊन लावली. रात्री विचारायला कोणी येत नाही, हे त्याला कळलं आणि त्याच्यामागून गल्लीला. मग दुसऱ्याने साडेदहाला, तिसऱ्याने दहाला. हे सरकत सरकत आता साडेआठवर आलं आहे. बातम्या लागल्या की आमच्या गल्लीतले पुरुष किल्ल्या घेऊन जिने उतरू लागतात. तळमजल्यावरचे डॉक्टर तर नाडी धरलेला पेशंट तसाच सोडून गाडी हलवून येतात, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही. पण पेशंटने सांगितलं.

चौदा गाड्यांना जागा मिळते. उरलेल्या आठ आहेत तिथेच, म्हणजे चुकीच्या बाजूला, रात्र काढतात. मात्र सकाळी नऊच्या आत त्यांना तिथून निघावं लागतं. कुठे, हा प्रश्न गौण. नाहीतर नऊनंतर मामा येतात, चाकाला पिवळा जॅमर लागतो आणि मोबाइलवर आपल्याच गाडीचा फोटो येतो.

असा फोटो मला एकदाच आला. त्यात फोटोग्राफरची चूक नव्हती. ३१ जुलैच्या रात्री मी आज्ञाधारकपणे गाडी विषम बाजूवरून सम बाजूला नेऊन लावली आणि शांत झोपलो. सकाळी उजाडली १ ऑगस्ट. एकतीस विषम आणि एकही विषम! रोज बाजू बदलायची एवढंच डोक्यात बसलं होतं. तारखांना महिन्याअखेरी उडी मारायची खोड असते हे विसरलो. पाचशे रुपये दंड. पुन्हा केलं तर पंधराशे. आकड्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला एक हा आकडा विषम आहे, हे पाचशे रुपये देऊन शिकावं लागलं.

पण त्या पाचशे रुपयांनी डोळे उघडले. मी त्या रात्री कालनिर्णय घेऊन बसलो. एकतीस दिवसांचे महिने सात. म्हणजे वर्षातून सात वेळा गाडी विषम बाजूला सलग दोन दिवस उभी राहू शकते. लीप वर्षात २९ फेब्रुवारीची भर पडून आठ वेळा. साध्या वर्षात विषम तारखा एकशे शहाऐंशी आणि सम एकशे एकोणऐंशी. माझी इमारत विषम बाजूला! म्हणजे घराच्या दारात गाडी उभी करण्याचे सात दिवस मला समोरच्या हेडमास्तरांपेक्षा जास्त मिळतात. मुद्दलावर सात दिवसांचं व्याज. मी कालनिर्णयवर सातही एकतिसांना लाल गोल केले. शेजारीच आईने संकष्ट्यांना केलेले निळे गोल होते. ही म्हणाली, “तुमचे उपास आता वेगळे का?”

आता खरी गोष्ट सांगतो. माझी शाखा पिंपरीला. २०२४ च्या सप्टेंबरअखेर मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झालं आणि माझं भाग्य उजळलं. घरापासून बारा मिनिटं चालायचं, जमिनीखाली उतरायचं आणि वारा खात थेट पिंपरी. गाडी बदलायची नाही, घाम नाही, बसायला मिळालं तर डुलकी. इतकी सुखाची सोय सोडून कोणी स्वतःची मोटार हाकत सोळा-सतरा किलोमीटर जाईल का? मी जातो. ज्या सकाळी माझी गाडी त्या दुर्दैवी आठांत असते, त्या सकाळी मला ती गल्लीबाहेर काढावीच लागते. मग काढलीच आहे तर न्यायची बँकेत. तिथे मागच्या आवारात उभी करायला जागा आहे, सावलीची आहे आणि तिला तारीख नाही. सहकाऱ्यांना वाटतं, साहेब आज मोटारीने आले, काहीतरी खास असेल. खास काही नसतं. आदल्या रात्री मला उतरायला नऊ मिनिटं उशीर झालेला असतो.

उलट जेव्हा जागा चांगली मिळते, तेव्हा मी गाडीला हात लावत नाही. मध्यंतरी हडपसरला हिच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही चौघं, दोन आहेर, एक छत्री. गाडी नेमकी फाटकासमोर, तीही सोनमोहोराच्या सावलीत. ती हलवायची आणि रात्री परत आल्यावर दोन गल्ल्या पलीकडे लावायची? आम्ही दोन रिक्षा करून गेलो. रिक्षात हिने पहिल्यांदा आणि शेवटचं एकच वाक्य उच्चारलं.

“गाडी आपण कशासाठी घेतली?”

“ठेवायला,” मी म्हणालो. आणि हे विनोदाने म्हणालो नव्हतो.

डिसेंबरचा मी हिशेबच मांडला. गाडी धावली एकूण ३८८ किलोमीटर. त्यात आठ वेळा बँकेत, निव्वळ जागा नाही म्हणून : २७२. रात्रीची बाजूबदल तीस वेळा, शोधाशोधीसकट सरासरी दोन किलोमीटर : ६०. (३१ तारखेला बदल नाही. लाल गोल.) बाकी उरले ५६. एवढ्या छप्पन किलोमीटरसाठी आम्हाला खरोखर कुठेतरी जायचं होतं. बाकीच्या वेळी गाडी मला नेत नव्हती, मीच तिला फिरवून आणत होतो. लोक कुत्र्याला नेतात तसं. फरक एवढाच, की कुत्र्यावर हप्ता नसतो.

असं करणारा मी जगात एकटा नाही, हे मला भाच्यामुळे कळलं. तो न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहतो. तिथे हा नियम रस्ता झाडण्यासाठी आहे. १९५० सालापासून चालू. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी रस्त्याची एक बाजू रिकामी करायची; मग झाडणारं यंत्र घुर्रघुर्र करत येऊन जातं. पाटीवर पी अक्षर आणि त्यावर आडवा मारलेला झाडू. अक्षरशः झाडू! नाही हलवली तर दंड. भाचा एकदा भरून बसला आहे. तेव्हापासून तो त्या वेळी लॅपटॉप घेऊन गाडीतच बसतो. यंत्र आलं की गाडी बाहेर काढायची, ते पुढे गेलं की पुन्हा त्याच जागी घालायची आणि वेळ संपेपर्यंत आत बसून राहायचं. हा सगळा रिकामा वेळ. त्या वेळी तो आजीला फोन करतो. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ. आठवड्यातून दोनदा रस्ता झाडतात, म्हणून दोनदा फोन. २०२० मध्ये त्यांच्या महापालिकेने करोनामुळे झाडणं आठवड्यातून एकदावर आणलं, तर आईला फोनही एकदाच येऊ लागला. तिला वाटलं, मुलगा नोकरीच्या काळजीत आहे. २०२२ च्या जुलैमध्ये झाडणं पूर्ववत झालं आणि नातवाची माया दुपटीने वाढली.

दिवाळीला मात्र त्याचा फोन आला नाही. आई दिवसभर वाट पाहत बसली. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. न्यूयॉर्कने दिवाळीला गाडी हलवण्यातून सूट दिली आहे. तो बिचारा घरात फराळ करत बसला होता.

याच भाच्याने मला डोनाल्ड शूप या प्राध्यापकांबद्दल सांगितलं. लॉस एंजल्सच्या विद्यापीठात होते, २०२५ मध्ये गेले. फुकटचं पार्किंग केवढ्याला पडतं, यावर त्यांनी २००५ साली सातशेहून जास्त पानांचा ग्रंथ लिहिला. त्यांच्या विद्यापीठाशेजारच्या वेस्टवुडमधल्या पंधरा ठोकळ्यांच्या वस्तीत माणसं नुसती जागा शोधत वर्षाला किती फिरतात, हे त्यांनी मोजलं होतं. साडेनऊ लाख मैल! म्हणजे पृथ्वीला अडतीस प्रदक्षिणा. आईला सांगितलं, तर तिने विचारलं, “एवढ्या कुठल्या देवाला?” शूपसाहेबांचं म्हणणं, रस्त्यावरच्या जागेला रास्त भाडं लावा, जागा आपोआप मोकळ्या होतील. माझ्यातल्या बी.कॉम.ला हे तंतोतंत पटतं. पण २०१८ मध्ये पुण्यात रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे घ्यायचं निघालं, तेव्हा विरोधाच्या अर्जावर आमच्या गल्लीतली पहिली सही हेडमास्तरांची होती आणि दुसरी माझी. पटणं वेगळं, सही वेगळी. बँकेत हे रोज पाहतो.

आमच्याकडे झाडायला यंत्र नाही, मावशी आहेत. सकाळी सव्वासहाला खराटा आणि ढकलगाडी घेऊन येतात. गाडी हललेली असली की खाली तिच्या मापाचा पाचोळ्याचा चौकोन उरतो, त्यावरून कोणाची गाडी किती दिवस हलली नाही हे त्या सांगू शकतात. माझ्या सात लाल गोलांवर त्यांचा राग आहे. एकदा म्हणाल्या, “साहेब, तुम्ही दोन-दोन दिवस गाडी हालवत न्हाई. खालची फुलं चिकटून बसत्यात. मी वाकून किती ओढायची?” मी म्हटलं, “मावशी, नियमात बसतं.” त्या म्हणाल्या, “नियमात बसतं, खराट्यात न्हाई बसत.” मी गाडीत बसून निघून गेलो. दुसरं काय करणार?

आणि आता आई. वय शहात्तर, दोन्ही गुडघे गेलेले. आम्ही पहिल्या मजल्यावर, अठरा पायऱ्या. पूर्वी ती रोज तुळशीबागेत जाऊन यायची, आता अठरा पायऱ्या उतरायच्या म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागते. गेल्या एप्रिलमध्ये एका रात्री मी किल्ली घेऊन निघालो, तर म्हणाली, “मी येऊ का रे? घरात फार उकडतंय.”

“अगं, मी कुठे जात नाहीये. समोरच्या बाजूला लावायची आहे फक्त.”

“मग समोरच्या बाजूला येते.”

आमची गल्ली इतकी अरुंद की गाडी वळत नाही, आणि समोरच्या बाजूला लावायची तर तोंड उलटं हवं. त्यामुळे गल्लीच्या टोकाला जाऊन टिळक रस्त्याने एस. पी. कॉलेजवरून फेरा मारून परत यावं लागतं. वीस पावलांचं अंतर, पण प्रवास दहा मिनिटांचा. आई पुढच्या सीटवर बसली, मांडीवर पर्स घेतली, काच खाली करायला सांगितली. “इथलं ते कापडाचं दुकान गेलं वाटतं.” “हे दिवे केव्हा लावले?” खुन्या मुरलीधराच्या दिशेने हात जोडले. एस. पी.च्या भिंतीपाशी आलो तेव्हा म्हणाली, “तुझे बाबा मला इथून सायकलवर डबलसीट आणायचे. पोलीस दिसला की म्हणायचे, उतर. मी उतरायची, शहाण्यासारखी चालायला लागायची. तो मागे पडला की पुन्हा बसायची.”

सत्तेचाळीस वर्षांत ही गोष्ट मी प्रथमच ऐकत होतो.

तेव्हापासून तो नेमच झाला. साडेसातला तिचं जेवण उरकतं. साडेआठला चपला घालून तयार. मी घाईत असतो, कारण डॉक्टर खाली उतरलेले असतात. पण अठरा पायऱ्या तिच्या गतीनेच उतराव्या लागतात. त्या आठ अभागी गाड्यांत माझी गाडी हल्ली वरचेवर असते, त्याचं कारण हे. हिशेबात मी ते लिहिलेलं नाही. कुठल्या सदरात घालायचं ते कळलं नाही.

गेल्या ३० जानेवारीला मात्र माझं नशीब जोरावर होतं. आईला थोडी सर्दी होती, ती आली नाही. मी आठलाच उतरलो आणि फाटकासमोरची जागा पटकावली. गल्लीतली पहिल्या नंबरची जागा. झाडावर कबुतरं नाहीत, खाली गटाराचं झाकण नाही. उद्या एकतीस, परवा एक. लाल गोल! गाडीला दोन दिवस बघायचं नाही. हेडमास्तर बाल्कनीतून पाहत होते. त्यांची गाडी त्या रात्री आठांत होती. मी त्यांना नमस्कार केला. जरा जास्तच वाकून केला, असं ही म्हणते.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला मी पाय पसरून बातम्या बघत बसलो होतो. आई आतून आली. शाल, चपला, पर्स.

“चल.”

“आज नाही गं. आज एकतीस.”

“मग?”

“उद्या एक. दोन्ही विषम. गाडी हलवायची नाही.”

“असं होय,” ती म्हणाली. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग कपाटाला धरून चपलेचा पट्टा काढायला वाकली. तिला वाकायला वेळ लागतो. एका हाताने कपाट धरायचं, दुसऱ्या हाताने पट्टा. पट्टा निघेना. स्वयंपाकघरात हिने एक भांडं आपटलं. आमच्या घरात ते पूर्ण वाक्य असतं.

मी उठलो, किल्ली घेतली.

फाटकासमोरून गाडी निघाली आणि गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत मागे कोणाचा तरी स्टार्टर वाजला. मी आरशात बघितलं नाही. टिळक रस्त्याला लागलो, एस. पी. मागे पडलं. आई म्हणाली, “अरे, वळायचं होतं ना?” मी म्हटलं, “आज बाजू बदलायची नाही, म्हणून वळायचं नाही.” हे तिला लगेच पटलं. सरळ स्वारगेटपर्यंत गेलो, तिथून सारसबागेकडे. तिला कुल्फी हवी झाली. सर्दीचं मी काढलं, तर म्हणाली, “ती कालची.” तिथे गाडी लावायला जागा नव्हतीच, तेव्हा इंजिन चालू ठेवून, एक डोळा मामांवर ठेवून मी बसलो आणि शहात्तर वर्षांच्या बाईने सबंध कुल्फी सावकाश, काडी चाटूनपुसून खाल्ली. मध्येच म्हणाली, “मामा दिसला तर सांग. मी उतरून चालायला लागते.”

परत आलो तेव्हा फाटकासमोर हेडमास्तरांची गाडी होती. आईला दारात उतरवलं, हिने हात देऊन वर नेलं. मी विषम बाजू दोनदा तपासली, मग गाडी दोन गल्ल्या पलीकडे, शाळेच्या भिंतीला लावली आणि चालत आलो. हेडमास्तर बाल्कनीत उभे होते.

“काय हो,” ते वरून म्हणाले, “आज एकतीस ना? तुम्ही कसे विसरलात?”

“विसरलो खरा,” मी म्हणालो.

वर आलो तर आई भिंतीपाशी चष्मा लावून उभी होती. कालनिर्णयची पानं उलटून बघत होती.

“पुढचा लाल गोल कधी रे?”

“मार्चमध्ये. फेब्रुवारी अठ्ठावीसचा.”

“लांब आहे,” ती म्हणाली आणि दिवा मालवायला गेली.